एका अंशाचा उतार

डिझाइनच्या टेबलावर एक बाई येणार, ही बातमी कारखान्यात सगळ्यात आधी मला कळली, कारण लेडीज टॉयलेट रिकामं करायचं काम माझ्याकडे आलं.

मी तेव्हा स्टोअर सांभाळत होतो. आमचं काम प्लॅस्टिकच्या वस्तूंचे साचे बनवायचं. बादल्या, मग, डबे, खुर्च्या. माणसं अठ्ठावीस, सगळे बाप्ये. इमारत बांधणाऱ्याने नियमाप्रमाणे बायकांसाठी एक टॉयलेट बांधलं होतं, पण बायकाच नसल्यामुळे त्यात नापास झालेली झाकणं ठेवायची पद्धत पडली. मी चारशे बारा झाकणं बाहेर काढली. डबा मात्र एकही निघाला नाही.

बाईंची मुलाखत मी ऐकली. ऐकली म्हणजे, मालकांना चाव्या द्यायला आत गेलो होतो आणि बोलणं रंगात आलेलं पाहून हातातल्याच चाव्या खिशात शोधत उभा राहिलो. बाई सदतीस-अडतिसाच्या. मांडीवर पर्स, पर्समधून एका लहान मुलीची पाण्याची बाटली डोकावत होती.

मालक कागद वाचत म्हणाले, "पाच वर्षं साच्यांचं डिझाइन केलंत, चांगलं आहे. पण पुढची नऊ वर्षं कोरीच दिसतायत."

"कोरी नाहीत, साहेब. त्या काळात एक प्रॉडक्ट काढलं."

"असं? कुठल्या कंपनीसाठी?"

"घरच्याच. आठ वर्षं झाली, रोज चालू आहे. आवाज फार करतं, पण परत कुणी घेत नाही."

मालकांच्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. पडल्यावर त्यांनी विचारलं, "मुलगा की मुलगी?"

"मुलगी."

मालक हसले. खरं तर त्यांना दुसरा मार्गही नव्हता. आधीचा डिझायनर एका सोमवारी आलाच नाही, तो समोरच्या कारखान्यात सापडला, आणि इकडे तीन गिऱ्हाइकं दारात बसलेली. अडला हरी काय करतो ते सगळ्यांना माहीत आहे. म्हण मी पुरी करत नाही, तिच्या उत्तरार्धात बाईंचा अपमान होतो. तीन महिन्यांच्या ट्रायलवर बाईंना घेतलं. पंधरा दिवसांनी रुजू व्हायचं होतं.

त्या पंधरा दिवसांत, हे बाईंनीच पुढे सांगितलं, त्यांनी घरी नवं सॉफ्टवेअर शिकून घेतलं. नऊ वर्षांत कॉम्प्युटरवरची सगळी बटणं जागा बदलून बसली होती. दुपारभर त्या पडद्यावर एक स्टूल फिरवत बसायच्या आणि शेजारी सासूबाई पाय लांब करून ते बघायच्या. चौथ्या दिवशी सासूबाईंना राहवेना.

"अगं, केव्हापासून तेच स्टूल फिरतंय. कोणी येऊन बसत का नाही?"

"आई, ही मालिका नाही. हे माझं काम आहे."

"असेल. पण पाय नाजूक वाटतात हो."

बाईंनी पाय जाड केले. नवऱ्याने सकाळची आघाडी सांभाळायचं कबूल केलं होतं, आणि त्याने शब्द पाळला. लेक शाळेत जायची तेव्हा तिची एक वेणी पूर्वेला असायची आणि एक पश्चिमेला, पण वेळेवर जायची.

कारखान्यात खरी गाठ होती ती मामांशी. मामा म्हणजे आमचे फोरमन. वय पंचावन्न, पंचविशीपासून पोलादाशी संसार. केसाचा दहावा भाग इकडेतिकडे झाला तरी त्यांना झोप यायची नाही. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो, पण त्यांना मामा बनवणारा अजून जन्माला यायचा होता.

बाईंना हाक काय मारावी, इथूनच मामांची पंचाईत सुरू झाली. पहिल्या दिवशी ते "मॅडम" म्हणाले आणि स्वतःच दचकले. दुसऱ्या दिवशी "वहिनी" म्हणाले.

"तुम्ही माझ्या मिस्टरांना ओळखता?" बाईंनी विचारलं.

"नाही बुवा."

"मग मी वहिनी कुणाच्या नात्याने?"

तिसऱ्या दिवशी ताई झाली, चौथ्या दिवशी नुसतंच "अहो, हे बघा". शेवटी गाडी "बाई"वर येऊन थांबली.

दुसरी पंचाईत त्याहून मोठी. साच्याचे दोन भाग असतात. एक उंचवट्याचा, एक खळग्याचा. आमच्या धंद्यात त्यांना सर्रास मेल आणि फिमेल म्हणतात. बाई आल्यापासून अठ्ठावीस जणांच्या जिभा एकदम सोज्वळ झाल्या. "तो वरचा घ्या", "ती त्याची समोरची आणा", अशी भाषा सुरू झाली आणि एकदा तर भलताच अर्धा भलत्या साच्यावर चढला. आठवड्याने बाई हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अहो, बादलीची फिमेल कुठे ठेवलीत? मेल एकटाच पडलाय इथे!"

कोपऱ्यात कुणाच्या तरी हातून पाना पडला. त्यानंतर काम सुरळीत चालू झालं.

मामा काही लगेच विरघळणाऱ्यातले नव्हते. पण एकदा ड्रॉइंगवर चर्चा चालू असताना बाईंचा फोन वाजला. लेक रडत होती, शाळेची टाय सापडत नव्हती. बाई कागदावरची नजर न काढता म्हणाल्या, "मोठं कपाट, खालून दुसरा खण, उजव्या कोपऱ्यापासून वीतभर आत, निळ्या स्वेटरच्या खाली. घडी न मोडता काढ." अर्ध्या मिनिटात पलीकडून "सापडली!" असं ऐकू आलं. मामांनी स्वतःचा चष्मा काढून पुसला. मापाच्या माणसाला माप कळतं.

बाईंच्या वाट्याला आलेलं पहिलं मोठं काम म्हणजे लहान मुलांचं स्टूल. त्यांनी ते जीव ओतून काढलं. "मुलं स्टुलावर बसत नाहीत, उड्या मारतात," असं म्हणत बसायच्या पाटाच्या खाली त्यांनी मजबुतीसाठी उभ्या पट्ट्यांची जाळी दिली. साचा कापून झाला, मशीनवर चढला, गरम प्लॅस्टिक आत गेलं, थंड झालं, साचा उघडला. स्टूल काही बाहेर येईना.

ढकललं, खेचलं, ठोकलं. ते मेलच्या भागाला असं घट्ट बसलं होतं की जणू दोघांचं लग्न लागलंय. सगळा हॉल गोळा झाला. मीही गेलो, स्टोअरला कुलूप न लावता. आणि कुणीतरी मागून म्हणालं, "बाळंतपण अडलं रे!"

बोलणाऱ्याने स्वतःचं तोंड हाताने झाकलं.

बाईंनी बाह्या मागे सारल्या. "अडलंय खरं. सरका बाजूला, मला अनुभव आहे."

पुढचे दोन तास बाई आणि मामा त्या साच्यावर वाकलेले होते. पोलादाला ओरखडा जाऊ नये म्हणून पितळेची सळई, थोडी ऊब, स्टुलात खोलवर पिळलेले चार स्क्रू, आणि त्यांना धरून सावकाश खेच. शेवटी मोठा आवाज करून स्टूल सुटलं आणि मामा ते पोटाशी धरून मागच्या मागे बसले. त्यांना काही लागलं नाही, पण ते चित्र आम्ही सगळ्यांनी जन्मभरासाठी डोळ्यांत साठवलं.

मग मालक आले. "काय झालं? कोणाची चूक?"

आता हा प्रश्न आमच्याकडे नवा नव्हता. आधीचा डिझायनर म्हणायचा प्लॅस्टिक खराब आहे. त्याच्या आधीचा म्हणायचा हवेत दमटपणा आहे. एकदा तर शेजारच्या गल्लीतून गेलेल्या रोडरोलरवर खापर फुटलं होतं.

बाई म्हणाल्या, "चूक माझी. पट्ट्या सरळ उभ्या काढल्या. त्यांना उतार द्यायला हवा होता, एक अंशाचा. टोकाकडे निमुळत्या असत्या तर अलगद सुटल्या असत्या. कॉलेजात पहिल्याच महिन्यात शिकवतात, आणि मी विसरले."

कारखान्याच्या भिंतींनी हे वाक्य पहिल्यांदाच ऐकलं. मालकांनाही पुढे काय बोलायचं असतं ते माहीत नव्हतं, कारण एवढ्यापर्यंत गोष्ट कधी आलीच नव्हती. ते "बरं" म्हणाले आणि निघून गेले.

सगळे पांगल्यावर मामा फडक्याला हात पुसत बाईंजवळ आले. मी कुलूप शोधत तिथेच होतो.

"बाई, एक सांगतो. मला ड्रॉइंग बघतानाच शंका आली होती."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, बघू विचारायला येतात का."

"आणि मी म्हटलं, विचारायला गेले तर म्हणतील, नऊ वर्षं घरी बसून सगळं विसरली."

"म्हटलं असतंच," मामा प्रामाणिकपणे म्हणाले.

दोघंही हसायला लागली. बाईंचं हसणं मध्येच जरा ओलं झालं, तेव्हा मामांनी घाईघाईने तेच तेलकट फडकं पुढे केलं. बाईंनी ते घेतलंही. दिवसभर नाकावर काळा पट्टा घेऊन फिरल्या आणि कुणाची सांगायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मामा सकाळचा चहा घेऊन बाईंच्या टेबलाशी जायला लागले. दोन डोकी एका ड्रॉइंगवर. भांडणं कडाक्याची व्हायची. एकदा झाकणाच्या कडेवरून दोघं दोन दिवस माझ्यामार्फत बोलत होती. पण पट्ट्यांना उतार मिळाला, मामांनी साचा परत घासून आरशासारखा केला, आणि स्टूल लोण्यातून सुरी निघावी तसं बाहेर यायला लागलं.

मालक नमुना बघायला आले. "वजन किती घेईल?"

"आठ-दहा वर्षांच्या मुलाचं आरामात," बाई म्हणाल्या.

"बघूच," असं म्हणून मालक त्यावर बसले. मालक म्हणजे शंभरी ओलांडलेलं प्रकरण, वयाने नव्हे. आम्ही श्वास रोखले. स्टूल हललंही नाही. मालक खूश झाले, मांड्यांवर थापा मारल्या, आणि उठायला गेले तर उठता येईना. स्टूल वीतभर उंचीचं, गुडघे हनुवटीला. शेवटी दोघांनी काखेत हात घालून त्यांना वर काढलं. गिऱ्हाइकाने त्याच महिन्यात स्टुलाचे आणखी दोन आकार मागितले.

तरीही तीन महिने संपले तेव्हा मालक सवयीने म्हणाले, "ट्रायल अजून तीन महिने वाढवू. काय मामा?"

मामा म्हणाले, "वाढवा. मीही उद्यापासून ट्रायलवर. तीस वर्षं झाली, माझीही एकदा तपासणी होऊ द्या."

मालकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि मला नेमणुकीचा कागद आणायला सांगितलं.

कागद जुन्या काळचा छापील होता. वर नाव, खाली नियम, शेवटी सही. बाई वाचून सही करणाऱ्यांतल्या, त्यांनी एकेक नियम वाचून पुढे बरोबरची खूण केली. सातव्या नियमापाशी त्यांचं पेन थांबलं. "प्रत्येक कर्मचाऱ्याने रोज स्वच्छ दाढी करून कामावर यावे."

बाईंनी त्याच्यापुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं, "आजपर्यंत एकदाही तक्रार आलेली नाही," आणि खाली सही ठोकली.