वीणाचे गुरुवार

वीणा माझ्याबरोबर साडेतीन वर्षं राहिली आणि त्या साडेतीन वर्षांत आमच्या स्वयंपाकघरात साधं अंडंसुद्धा फुटलं नाही. मासा शिजला तो एकदाच. त्या एकदाचंच सांगायचं आहे, पण त्याआधी वीणा कोण ते सांगायला हवं. ती आता पुण्यात एका कॉलेजात शिकवते, तब्येतीने बरी आहे. मी अजून सिंगापूरलाच आहे, त्याच फ्लॅटमध्ये.

मी मधुवंती, मुंबईची, इथल्या एका बँकेत आयटीत नोकरीला, आणि जन्माने मासेखाऊ. आमच्याकडे वार पाळतात. बुधवार, शुक्रवार, रविवार खायचं, एरवी नाही, श्रावणात तर नावही काढायचं नाही. माणशी दोन तुकडे आणि पानात काही टाकायचं नाही. आई शेजारी बसून बघायची. काट्याला काही राहिलेलं दिसलं की ताट परत माझ्यापुढे सरकवायची. "याला अजून लागलंय. त्याचा जीव गेलाय, तू कंटाळून कसं चालेल?" म्हणायची. माणसाने मांस खावं की खाऊ नये यावर लोक तासन्‌तास घसा कोरडा करतात, त्यांना माझं उत्तर तयार असायचं: थोडं खा, वार पाळ, टाकू नकोस. या उत्तराचा मला बऱ्यापैकी गर्व होता, आणि आईच्या त्या वाक्यासकट ते मी वीणालाही पुष्कळदा ऐकवलं होतं.

आम्ही दोघींनी मिळून सेंगकांगला फ्लॅट भाड्याने घेतला तेव्हा वीणाची एकच अट होती, घरात मासमच्छी शिजवायची नाही. मी चडफडत हो म्हटलं. खाली हॉकर सेंटर, म्हणजे तयार खाण्याच्या गाळ्यांचं आवार होतं, माझे वार मी तिथे भागवायला लागले. पण प्लॅस्टिकच्या ताटलीतला मासा आणि आपल्या तव्यावरचा मासा यात फरक असतोच, आणि तो फरक दर रविवारी माझ्या जिवाला लागायचा.

वीणा माझ्याहून आठ वर्षांनी लहान, फ्लॅट घेतला तेव्हा तेहतीसची होती. काटकुळी, भराभर चालणारी, उभ्याने वाचत चहा पिणारी. एका विद्यापीठात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधक होती, यकृताच्या कॅन्सरवर काम करायची. म्हणजे काय करायची ते मी कधी विचारलं नाही. पांढरा कोट आणि दुर्बिणीसारखं काहीतरी असं चित्र डोक्यात होतं, तेवढं मला पुरत होतं. खोलीत तिने एकही देव ठेवला नव्हता. गणपतीला महाराष्ट्र मंडळात यायची ती जेवायला. गुरुवार मात्र कडक. दिवसभर फक्त कोरा चहा. संध्याकाळी घरी आली की कशालाही हात न लावता आधी अंघोळ करायची आणि ते कपडे वेगळे धुवायची. मी म्हणायची, "काय गं, दत्तमहाराज पावले की नाही?" ती हसायची. मी आपलं ठरवून टाकलं होतं की ही आतून सोवळ्यातली आहे आणि बोलून दाखवायची लाजते.

एकदा ईस्ट कोस्टला विवेकच्या काँडोमध्ये, म्हणजे बड्या सोसायटीतल्या फ्लॅटवर जेवण होतं. विवेक आमच्या ओळखीचा मॅनेजर माणूस, हातात कोंबडीची तंगडी धरून वाद घालायची त्याला सवय. त्याने वीणाला गाठलं. "भाजीला जीव नसतो का गं? आणि डास मारतेस की नाही?" सगळे तिच्याकडे बघायला लागले. वीणा म्हणाली, "असतो. मारते." आणि कोशिंबीर वाढून घेतली. परतताना बसमध्ये मीच चिडले. "अगं, त्याला चांगलं सुनावायचंस ना." ती म्हणाली, "त्याचं बरोबर आहे, मधुताई. मला फक्त घरात नको." मला राग आला, कारण घर माझंही होतं.

मग २०२० चा एप्रिल आला. इथे लॉकडाउनला सर्किट ब्रेकर म्हणत होते. माझं ऑफिस जेवणाच्या टेबलावर आलं, वीणाचंही बंद झालं असं मी धरून चालले. शनिवारी सकाळी बघते तर ती बूट घालत होती.

"कुठे निघालीस?"

"लॅबमध्ये. उंदीर कमी करायचेत."

"कुठले उंदीर?"

"आमचे. माणसं आत सोडत नाहीत, एवढ्यांची निगा राखायला कुणी नाही. साडेसहाशे आहेत, दीडशे ठेवायचे. दोघांनाच परवानगी आहे. बाकीच्यांना मुलंबाळं आहेत, म्हणून मी."

कमी करायचे म्हणजे काय, हे कळायला मला वेळ लागला. "म्हणजे तू मारतेस त्यांना?"

"हो. एरवी फक्त गुरुवारी," ती म्हणाली. बुटाची नाडी बांधून झाली आणि ती गेली.

दिवसभर मी धुमसत होते. तीन वर्षं मी स्वतःच्या घरात चोरासारखी राहिले होते, आणि कुणासाठी? संध्याकाळी ती आल्या आल्या मी तोंड सोडलं. मी बांगडा तळला तर पाप आणि तू आठवड्याला किती जीव घेतेस त्याचं काय, असं पुष्कळ बोलले. ती भिंतीला टेकून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "पाप असं मी कधी म्हटलं?" खरंच कधी म्हटलं नव्हतं. त्याचा तर मला जास्तच राग आला.

त्या दिवशी ती जेवली नाही. रविवारीही नाही. मला वाटलं माझ्यावर रुसली आहे, बसू दे रुसून. मंगळवारी लक्षात आलं की हे रुसणं नव्हे. दत्ताचा उपवास कधी नव्हताच. ज्या दिवशी मारायचं त्या दिवशी आपण खायचं नाही, एवढा तिचा नियम होता, आणि आता ती रोज मारत होती.

मग मी घाबरले. शिव्या देऊन झाल्या, हातापाया पडून झालं. मऊ भात, वरण, मेतकूट, साबुदाण्याची पेज, जे म्हणून सुचलं ते करून मी झाकून ठेवायची आणि ते तसंच राहायचं. टाकायचं नाही म्हणून रात्रीचं मीच सकाळी खायची. ती साखर घातलेला कोरा चहा प्यायची. दोनदा मी समोर उभी राहून तिला संत्र्याचा रस प्यायला लावला. सहाव्या दिवशी पाहिलं तर ती भिंतीचा आधार घेत बाथरूमकडे चालली होती. पट्ट्याला सुरीने नवं भोक पाडलेलं होतं. तिच्या आईचा, सुरेखाकाकूंचा, पुण्याहून व्हिडिओ कॉल यायचा. "जेवलीस का गं?" म्हटलं की वीणा फोन माझ्या ताटाकडे वळवायची. "हे काय, जेवतेच आहे." मी मुकाट्याने ताट तिच्याकडे सरकवायची. काकूंशी मी असं तीनदा खोटं बोलले, त्याची लाज अजून वाटते.

"डॉक्टरकडे चल."

"संपलं की खाईन."

"कधी संपणार?"

"या आठवड्यात नाही."

नवव्या दिवशी, रविवारी, माझं डोकं फिरलं. मी बाजारातून सुरमई आणली. इथे तिला बातांग म्हणतात. का आणली, खरं सांगते. थोडं चिडून आणली. थोडं असं वाटलं की वास घरभर भरला की ही भडकेल, भांडेल, ताट उडवेल, काहीतरी माणसासारखं करेल. आणि थोडं हेही की रविवार होता आणि मला खायची होती. हळद, तिखट, मीठ, कोकमाचं आगळ लावलं, रव्यात घोळवून तव्यावर टाकली. तीन वर्षांनी तो आवाज माझ्या स्वयंपाकघरात ऐकला. दोन तुकडे पानात घेऊन मी तिची वाट बघत बसले.

ती दोन वाजता आली. मास्क काढला, अंघोळ केली आणि माझ्यासमोर येऊन बसली. ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी भांडणाच्या तयारीत होते.

"खा," ती म्हणाली. "गार होईल."

मी मुद्दाम मोठा घास घेतला. अर्धा तुकडा संपवला. ती टेबलावरचे स्वतःचे हात बघत होती.

"आज पिल्लं होती. मोठ्यांना पेटीत ठेवून गॅस सोडतात. पिल्लांना गॅस लवकर लागत नाही."

"मग?"

"मग हाताने करावं लागतं."

माझा घास तोंडातच राहिला.

"गुरुवारी मारायचे त्यांचं काहीतरी व्हायचं गं. यकृत काढायचं, पातळ काप करायचे, रंगवून ठेवायचे. कुणाच्या तरी कामी येईल असं म्हणता यायचं. मी म्हणायची तसं. आता नुसतं पिशवीत भरायचं. पिशवी फ्रीझरमध्ये, तिथून जाळायला. एवढे मारले, आणि त्यांचं काहीच केलं नाही कुणी. तू म्हणतेस ना, खाण्यासाठी मारलं. मी नऊ दिवस कशासाठी मारतेय ते मला सांगता येत नाही."

कसाबसा घास गिळला, पण पुढचा उचलवेना. ताटात दीड तुकडा राहिला होता. तो तसाच घेऊन मी उठले. आमच्या इमारतीत स्वयंपाकघराच्या भिंतीतच कचरा टाकायची झडप आहे, ती उघडून टाकलं की थेट खाली जातं. मी झडप उघडली आणि ताट तिरकं केलं.

तिच्यात एवढी ताकद उरली असेल असं वाटलं नव्हतं. ती धावत आली आणि तिने माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार होता.

"टाकू नकोस."

"अगं, नाही जात मला."

"टाकू नकोस, मधुताई. हे तरी टाकू नकोस."

तिने ताट माझ्या हातातून काढून घेतलं आणि ओट्यावर ठेवलं. मग माझा अर्धा खाल्लेला, उष्टा तुकडा उचलला आणि तोंडात घातला. जिने कधी केकसुद्धा अंडं आहे का विचारल्याशिवाय खाल्ला नाही, ती. काटा आधी काढायचा असतो हेही तिला ठाऊक नव्हतं. तिला ठसका लागला. मी ओरडले, "थांब, काटा आहे, काटा!" तिच्या पाठीवर थोपटलं, तोंडातला काटा काढायला लावला. मला वाटलं आता थांबेल. ती दुसऱ्या तुकड्याकडे हात न्यायला लागली.

मग मीच तो तुकडा सोलला, लहान मुलासाठी सोलतात तसा. मधला काटा काढला, कडेचे बारीक काटे बोटांनी चाचपून काढले, आणि एकेक घास तिच्यापुढे ठेवत गेले. ती हळूहळू चावत होती. तोंड वाकडं केलं नाही, डोळ्यांत पाणी नाही. औषध घेतात तसं एकेक घास गिळत होती. इतके दिवस मी तिने खावं म्हणून जिवाचा आटापिटा केला होता. आता ती खात होती, आणि तिला थांबवावं म्हणून माझे हात शिवशिवत होते. पण कुठल्या तोंडाने थांबवणार होते?

संपलं तेव्हा ओट्यावर नुसते काटे उरले. मी ते गोळा करायला लागले. मला समोरचं नीट दिसत नव्हतं, मी रडत होते. वीणाने माझ्या हातावर हात ठेवला, मधला काटा उचलून उजेडात धरला, उलटसुलट करून पाहिला आणि माझ्यापुढे केला.

"मधुताई," ती म्हणाली, "याला अजून लागलंय."