संत्र्याच्या कलमावरची राणी पाकोळी

त्या पावसाळ्यात मी पाखरांवर भयंकर चिडले होते. मोहगावच्या रस्त्यावर माझी संत्र्याच्या कलमांची छोटी नर्सरी आहे, आणि कोवळ्या पानांवर रोज पांढरी-काळी शीट दिसायची. मी बुलबुलांना शिव्या घातल्या, जुन्या सीडीच्या तबकड्या आणि वेफरच्या चकचकीत पन्न्या दोरीला बांधल्या. पाखरं यायची थांबली. मी खूश!

आठ दिवसांत दहा कलमं बोडकी झाली.

माझ्याकडे वीस वर्षांपासून जंबेरी लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधून कलम करणारी तिगावची बाई रजेवरून परत आली आणि हसून हसून खाली बसली. तिने काडीने एका शिटेला डिवचलं, तर शीट हलली आणि इवलीशी शिंगं काढून उग्र वास सोडू लागली.

“ताई, ह्या अळ्या हायेत! पाखरं ह्यायलेच तं खाऊन राहिले होते. तुम्ही तं ह्यायची राखणदारी केली!”

आजवर कीड तीच वेचायची, मी फक्त विक्री पाहायचे. मी ओशाळले, आणि दिसेल ती अळी वेचून काढली. एकच निसटली. कमरेला रेशमी धागा बांधून ती हिरवा कोष करून बसली होती, तीही नेमकी बाईने स्वतःसाठी निवडलेल्या कलमांपैकी एकावर. दुसऱ्यांच्या बगीच्यांसाठी डोळे बांधता बांधता तिने यंदा स्वतःचा अर्धा एकर घेतला होता. मी कोष काढायला हात घातला, तर तिने माझा हात धरला.

“राहू द्या ना ताई. पानं येतीन परत. इतकी वर्सं अळ्या मारल्या, उडतानी एकबी नाही पाह्यली मी.”

कलमं तिच्या शेतावर न्यायच्या सकाळी ऑटो भरला, शेवटचं तेवढं कलम उचलायचं होतं, आणि कोष उकलला. बाहेर आलं ते ओलं, चुरगळलेलं फडकं. ऑटोवाल्याला दुसरं भाडं होतं, तो हॉर्न वाजवू लागला. तसंच नेलं असतं तर धक्क्यांनी पंख कायमचे वाकडे झाले असते. पाच मिनिटं उशीर झाला तरी बोलणारी मी त्याच्यावर खेकसले, “बंद कर गाडी!”

तासभर आम्ही तिघं उकिडवे बसून होतो. पंख भरत भरत तळहाताहून मोठे झाले, मखमली काळे, मागच्या बाजूला फिकट निळे. ही राणी पाकोळी, दाट ओल्या जंगलांतलं फुलपाखरू. पण संत्र्या-लिंबाचा पाला मिळाला की आमच्याकडेही मजेत राहते. मग एकदम उडाली आणि चिंचेच्या शेंड्यावरून निघून गेली. बाईने टाळ्या वाजवल्या, ऑटोवाल्यानेसुद्धा. मग मीही आनंदाने वाजवू लागले.

बोडक्या कलमाच्या बदल्यात मी तिला माझं सगळ्यात तरतरीत कलम देऊ लागले. तिने ते बाजूला सारलं.

“हेच लावतो, पहिल्या खड्ड्यात. आन् तुम्ही बी चाला. माती तुम्ही टाकजा.”

वीस वर्षं मी तिला कामावर बोलावत आले. तिच्याकडचं बोलावणं मला पहिल्यांदाच आलं होतं. नर्सरीला कुलूप न लावताच मी ऑटोत चढले.