लाल दिव्यांची टोपी

आमच्या इमारतीखालच्या सलूनवाल्याला सगळे कात्रीशेठ म्हणतात. साठी उलटली तरी डोक्यावर दाट केस. बायकोचे मात्र आजारपणानंतर मूठमूठ गळाले. "सलूनवाल्याच्या घरीच केसांचा दुष्काळ," असं एक गिऱ्हाईक हसत बोललं आणि तिने दुकानात पाऊल टाकणंच सोडलं. तिथे जिकडे बघावं तिकडे आरसे.

त्वचेच्या डॉक्टरांनी सुचवलं म्हणून कात्रीशेठने केस परत उगवण्यासाठी आतून लाल दिवे लागणारी टोपी आणली. दुपारी शटर अर्धं ओढून तो बायकोला खुर्चीत बसवायचा. टोपी डोक्यावर असली तरच दिवे पेटत, काढली की विझत. बिनकेसांच्या डोक्यावरून ती घसरायची, म्हणून तो मागे उभा राहून हाताने दाबून धरायचा. काही महिन्यांनी कपाळाशी बाळाच्या जावळासारखी लव उगवली. ती दाखवायला बाई जिना चढून माझ्याकडे आली होती. त्याच आठवड्यात हृदय बंद पडून गेली.

तरी दुपारी अर्ध्या शटरखालून लाल उजेड येतच राहिला. आत कोण बसतं, असं लोक एकमेकांना विचारू लागले. गिऱ्हाइकं तुटली. त्याची मुलगी मला म्हणाली, "आजी, बाबा तुमचं ऐकतात. रविवारी मी ती टोपी घेऊन जाणार आहे. त्यांना समजवा, नाहीतर दुकान बसेल."

मी काठी टेकत खाली गेले. तिच्या खुर्चीत तोच टोपी घालून बसला होता. सगळे आरसे लाल.

"ती म्हणायची, डोक्याला छान ऊब लागते," तो म्हणाला. "मी रोज घालून बघतो, काकू. काहीच लागत नाही. नुसता उजेड आहे हा."

"अरे वेड्या, ती ऊब तुझ्या हाताची होती."

त्याने टोपीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "तुम्ही धरता का जरा?" आणि त्याने डोळे मिटले.

मी खुर्चीकडे निघाले. गुडघ्यांमुळे मला वेळ लागतो. मी अर्ध्यावर असतानाच त्याचे खांदे सैल पडले.

"लागली," तो म्हणाला. "हात गरम आहे तुमचा."

माझे दोन्ही हात काठीच्या मुठीवर होते.

मी आरशांकडे पाहिलं नाही. तशीच मागे वळले, बाहेर आले आणि शटर होतं तेवढंच राहू दिलं. रविवारी मुलगी आली तेव्हा तिला सांगितलं, टोपी इथेच असू दे, दुकानाचं काय ते बघू.