ट्रकवाल्यांच्या दवाखान्यातली दोन वर्षं

दुसऱ्यांदाही यादीत माझं नाव नव्हतं. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या त्या दोन वर्षांच्या कोर्सला जागा अगदी मोजक्या, आणि तो केल्याशिवाय रुग्णांवर उपचार करायचा परवाना मिळत नाही. माझं एम.ए. झालं होतं, मार्कही बरे होते. पण मुलाखतीत समोरच्या बाईंनी विचारलं, "आजवर किती रुग्णांशी बोललात?" आणि मला "एकाशीही नाही" असं म्हणावं लागलं. आजारांच्या व्याख्या मला तोंडपाठ होत्या. आजारी माणसासमोर मी कधी बसलेच नव्हते.

वर्गातल्या बहुतेक जणी एव्हाना ऐरोलीच्या कंपन्यांमध्ये एचआरला लागल्या होत्या. "तूपण ये की, रिझ्युमे पाठव," म्हणायच्या. मी दोनदा पाठवायला घेतला आणि दोन्ही वेळा लॅपटॉप बंद केला. शेवटी कॉलेजातल्या माझ्या सरांनी फोन करून सांगितलं, की कळंबोलीला ट्रकचालकांसाठी एका संस्थेचं आरोग्य केंद्र आहे, तिथे समुपदेशकाची जागा रिकामी आहे. "क्लिनिकल नाहीये," ते म्हणाले, "पण माणसं आहेत."

केंद्र आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर. ट्रक टर्मिनलच्या कोपऱ्यात दोन खोल्या. एकीत डॉक्टर बसायचे, दुसरीत मी. लांबचे ड्रायव्हर माल उतरेपर्यंत थांबलेले असायचे, तेवढ्यात येऊन ताप, पाठदुखी, बीपी दाखवायचे. काही जण रक्त तपासायला यायचे, एचआयव्हीची धास्ती मनात घेऊन. तपासणीआधी आणि रिपोर्ट आल्यावर त्यांच्याशी बोलायचं, हे माझं काम.

खरी अडचण घरी होती. आप्पा तिथल्याच लोखंड बाजारात माथाडी. क्रेनखाली उभं राहून पत्र्याच्या गठ्ठ्यांना साखळ्या बांधायचं काम त्यांनी सातारा सोडल्यापासून केलं. सगळा बाजार त्यांना ओळखतो. मी नोकरीचं सांगितलं तेव्हा ते जेवत होते.

"त्या दवाखान्यात कशाला लोक जात्यात, ठावं हाय का तुला?"

"आहे, आप्पा."

"आन् तू त्यांच्याशी त्या गोष्टी बोलणार?"

"बोलायलाच ठेवलंय मला."

आप्पा ताट अर्धवट ठेवून उठले. आईने माझ्याकडे पाहिलं आणि ते ताट झाकून ठेवलं. त्यानंतर कितीतरी दिवस आप्पा माझ्या कामाचा विषयच काढत नव्हते.

सुरुवातीचे महिने मीही चाचपडतच होते. माझ्या वडिलांच्या वयाची माणसं समोर बसून फरशीकडे बघायची, आणि मी कागदावरचे प्रश्न ओळीने विचारत सुटायचे. हळूहळू कळलं, की कागद उलटा ठेवला आणि आधी गाडी कुठून आली ते विचारलं, की माणूस मान वर करतो. गाडीबद्दल कुणीही बोलतं. गाडीवरून रस्ता, रस्त्यावरून घर, आणि घराशी पोचलं की मग भीतीची गोष्ट आपसूक निघायची.

एकदा मी डबा घरी विसरले, तो द्यायला आप्पा आले. आत कुणीतरी होतं म्हणून बाहेर बाकावर बसून राहिले. थोड्या वेळाने माझ्या खोलीतून एक ड्रायव्हर बाहेर पडला. त्याचा रिपोर्ट चांगला आला होता, पण बायकोला हे सगळं कसं सांगायचं यावर तो अर्धा तास रडला होता. जाताना त्याने दारातून वळून मला हात जोडले. आप्पांनी ते पाहिलं. डबा माझ्या हातात दिला, "जेवून घे, गार होईल," म्हणाले आणि निघून गेले.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी आप्पा पुन्हा आले. या वेळी सोबत एक माणूस होता. पन्नाशीचा, लातूरकडचा ड्रायव्हर. आप्पांनी त्याचा दंड धरला होता.

"ही माझी मुलगी," त्याला म्हणाले. "हिला सांग. ही ऐकून घेती."

एवढं बोलून ते कामावर निघून गेले. ते वाक्य त्यांनी माझ्यासमोर, मोठ्याने, परक्या माणसाला सांगितलं होतं.

(पुढचं लिहायची परवानगी त्या ड्रायव्हरकाकांकडून मी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

काका म्हणाले, हार्ट अटॅक येतोय. एक्स्प्रेसवेवर गाडी नीट येते, पण घाटाची पाटी दिसली की छाती धडधडते, हाताला घाम सुटतो, स्टेअरिंग निसटतं. मग गाडी बाजूला लावून बसून राहायचं. डॉक्टरांनी त्यांचा ईसीजी दोनदा काढला होता. हृदयात काहीच दोष नव्हता.

मला आत कुठेतरी आनंद झाला, हे आज लिहिताना लाज वाटते. हे मी शिकलेलं होतं! याला पॅनिक अटॅक असं नाव होतं, त्यावरचे उपाय पुस्तकात होते. मी त्यांना दीर्घ श्वास घ्यायला शिकवलं. चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर. ते शाळेतल्या मुलासारखे मी सांगेन तसं करत राहिले. "बरं वाटतंय का?" विचारलं तर "व्हय मॅडम" म्हणाले. पुढच्या आठवड्यात बोलावलं होतं, ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

एका दुपारी जेवायला घरी गेले तेव्हा आप्पांनीच विषय काढला.

"त्यो लातूरवाला अजून केबिनमध्येच बसून असतोय. माल उतरला तरी खाली येत न्हाय."

"त्यांना बोलावलं होतं मी. आले नाहीत."

आप्पांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "मग तू जा की. त्याला उतरता येत न्हाय, तुला चढता येतं ना?"

आम्ही दोघं निघालो. भर दुपारी टर्मिनलमध्ये पत्र्यांवरून ऊन परतत होतं. आप्पांनी टपरीवरून तीन चहा घेतले आणि मला केबिनमध्ये चढायला हात दिला. स्वतः मात्र चढले नाहीत. आपला चहा घेऊन दूर, दुसऱ्या गाडीच्या सावलीत जाऊन उभे राहिले, ऐकू येणार नाही एवढ्या अंतरावर. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

या वेळी मी काही शिकवलं नाही. "काका, मागच्या वेळी मीच जास्त बोलले," एवढंच म्हटलं आणि थांबले. चहा संपेपर्यंत ते समोरच्या काचेतून बाहेर पाहत होते. मग बोलायला लागले.

घाटात त्यांच्या पुढच्या गाडीचा अपघात झाला होता. यांची काही चूक नव्हती. ते खाली उतरले, रस्त्यावर पडलेल्या तरुण माणसाचं डोकं मांडीवर घेतलं. अॅम्ब्युलन्स यायला वेळ लागला. माणूस शुद्धीवर होता.

"त्यानं मला नाव इचारलं, ताई," काका म्हणाले. मॅडमची मी ताई कधी झाले ते माझ्या लक्षात आलं नाही. "मी सांगितलं. त्यो म्हणला, काका, हात सोडू नका. म्या सोडला न्हाई. पण त्याचं नाव इचारायचं ऱ्हाऊनच गेलं. अॅम्ब्युलन्स आली तवर त्यो गेला. कुणाचं लेकरू व्हतं, मला म्हाईतच न्हाई."

माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. मग म्हणाले, "काका, खरं सांगते. यावर इलाज आहे, पण तो करायचं माझं शिक्षण अजून झालेलं नाही. ज्यांचं झालंय अशा एक मॅडम मोठ्या रुग्णालयात आहेत. जाऊ या?"

"तुमी येता का संगं?"

"येते."

पुढच्या सोमवारी आम्ही दोघं रिक्षाने त्या रुग्णालयात गेलो. तिथल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमनी मी काकांबद्दल लिहून आणलेले कागद घेतले आणि मला बाहेर बसायला सांगितलं. तासभर मी बाकावर बसून होते. दार उघडलं तेव्हा काकांचा चेहरा ओला होता, पण खांदे खाली आले होते. मॅडमनी मला आत बोलावलं.

"हे तुम्ही लिहिलंय?"

मी हो म्हटलं.

"इथं लिहिलंय, 'श्वासाचा व्यायाम घाईने दिला, रुग्ण परत आला नाही, चूक माझी.' असं सहसा कुणी लिहीत नाही."

मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्या म्हणाल्या, "शनिवारी काय करता?"

"सुट्टी असते."

"मग येत जा. काम नाही देणार. कोपऱ्यात बसायचं, ज्या रुग्णांची हरकत नसेल तिथे बघायचं, आणि संध्याकाळी मला प्रश्न विचारायचे."

त्यापुढचे सगळे शनिवार मी तिथे गेले. मॅडम किती कमी बोलतात, हे मला सगळ्यात आधी दिसलं. रुग्ण बोलायचा थांबला की मी लगेच पुढचा प्रश्न जुळवायला लागायचे, आणि त्या मात्र शांतपणे वाट बघायच्या.

काकांचे उपचार पाच-सहा महिने चालले. मॅडमनी त्यांना तो दिवस पुन्हा पुन्हा, सावकाश सांगायला लावला. मग एकदा काका स्वतःच म्हणाले, की त्या मुलाचं नाव शोधायचंय. आप्पा त्यांच्यासोबत पोलीस चौकीत गेले. नाव मिळालं, कराडकडचं गाव मिळालं. काकांनी आधी फोन करून विचारलं, मग गेले. परत आले ते थेट केंद्रात.

"आईला भेटलो, ताई. त्या माउलीला वाटत व्हतं, पोरगं एकटंच गेलं. मी म्हणलं, न्हाई, माझा हात व्हता त्याच्या हातात. तिनं माझा हात धरून ठिवला. लई येळ."

घाट त्यांनी पुन्हा दोनदा चढून पाहिला, मॅडमनी सांगितलं तसा, शेजारी माणूस बसवून. दोन्ही वेळा नीट पार झाला. तरी नंतर त्यांनी मालकाला सांगून उरण ते कळंबोली अशी सपाटीची फेरी मागून घेतली. "जमतंय, पण नको वाटतं," म्हणाले. मी मॅडमना विचारलं, हे अपयश का? त्या हसल्या. "रोज गाडी चालवतायत, रात्री झोपतायत, घरी जातायत. अजून काय हवंय तुला?"

मधलं एक वर्ष सोडून तिसऱ्या वेळी मी मुलाखतीला गेले, तेव्हा टेबलापलीकडे दुसरी माणसं होती. त्यांनी विचारलं, पहिल्या भेटीनंतर रुग्ण आलाच नाही तर काय कराल? मी श्वासाच्या व्यायामाची गोष्ट सांगितली, जशी झाली तशी. एक सर मध्येच म्हणाले, "म्हणजे तुम्ही ट्रकमध्ये चढलात?" मी म्हटलं, "हो, माझ्या वडिलांनी चढवलं." ते काहीतरी लिहीत राहिले.

यादी लागली. माझं नाव प्रतीक्षेत पहिलं होतं. मी घरी येऊन आडवी झाले. चार दिवसांनी एका मुलीने जागा सोडली आणि फोन आला. मी बाजारात धावत गेले. आप्पा क्रेनखाली होते. त्यांनी हात वर करून क्रेन थांबवली, हातमोजे काढले आणि माझ्याकडे आले. "झालं?" मी मान हलवली. त्यांनी काळे झालेले हात पँटला पुसले, माझ्या डोक्यावर ठेवले, आणि मग मागे वळून सगळ्या माथाड्यांना ओरडून सांगितलं, "चला रे, आज चहा माझ्याकडून!"

आता माझं बेलापूरला छोटंसं क्लिनिक आहे. तिथे रुग्णांशिवाय आणखी काही जणी येतात, सायकॉलॉजीत एम.ए. झालेल्या, नंबर न लागलेल्या मुली. गेल्या पावसाळ्यानंतर एक आली आणि खुर्चीत बसताच रडायला लागली. "माझं वर्ष वाया गेलं, ताई." मी तिला माहीत असलेल्या जागा सांगितल्या. व्यसनमुक्ती केंद्र, विशेष मुलांची शाळा, विसराळू झालेल्या म्हाताऱ्यांसाठीचं दिवसभराचं केंद्र, हेल्पलाइन. तिने डोळे पुसत विचारलं, "पण हे काम ते कोर्सला धरतात का?"

"ते मला खात्रीनं नाही सांगता येणार," मी म्हटलं. खोटं बोलवेना.

ती खांदेश्वरच्या एका विशेष शाळेत लागली. एका न बोलणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीसोबत दिवसभर राहायचं, असं काम. पहिले दोन महिने दर आठवड्याला फोन करून म्हणायची, सोडते. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला तेव्हा आवाज वेगळाच होता.

"ताई, आज तिनं स्वतःहून माझ्याकडे चप्पल आणून दिली! घालायला! आणि पाय पुढे करून बसली!"

मग पुढची वीस मिनिटं ती त्या मुलीबद्दलच बोलत होती. कुठला पाय आधी पुढे केला, चप्पल घालताना तिने हिचे केस कसे ओढले, मुलीच्या आईला सांगितलं तेव्हा तिने ती चप्पल कशी हातात घेऊन पाहिली. मी मधेच आठवण करून दिली, "अगं, प्रवेशाचा फॉर्म भरलास का? शुक्रवारी शेवटची तारीख आहे."

"हो हो, भरते," ती म्हणाली. "पण ताई, ऐका ना, उद्या मी तिला दुसरी चप्पल दाखवू का, की घाई होईल?"

मी फोन कानाशी धरून खुर्चीत मागे टेकले. "आधी सांग," म्हटलं, "आज ती हसली का?"