जीजीची भांडी आणि माझं पत्रक

आमच्या पणजीच्या तेराव्याचं जेवण मी स्वतः रद्द केलं, आणि त्या दिवशी आमच्या दारात दीडशे माणसं जेवली.

पणजीला आमचा सगळा छत्रीबाग मोहल्ला जीजी म्हणायचा. तिच्या दारातून उपाशी जाणं कुणाला जमलं नाही. पोस्टमन पत्र देऊन पोहे खाऊन जायचा. पत्र नसेल त्या दिवशीही यायचा! गल्लीत कुणी आजारी पडलं की खिचडी निघाली, कुणी बाळंत झाली की डिंकाचे लाडू निघाले, आणि ज्या भांड्यातून निघाले ते भांडंही तिकडेच राहिलं.

"जीजी, आपलं पातेलं आणू का परत?" आई विचारायची.

"नको गं. भांडं मागितलं की आत दिलेलं मोजल्यासारखं होतं."

परिणामी घरात एकच पातेलं उरलं. त्यात आधी वरण व्हायचं, मग ते वरण तांब्यात बसून भात होण्याची वाट बघायचं.

जाण्याच्या आठवडाभर आधी तिनं मला जवळ बोलावलं. "तू ते कागद छापतेस ना? मग ऐक. तुझे पणजोबा गेले तेव्हा तेराव्याला अख्खं गाव जेवलं. माझ्या पाटल्या गेल्या, आणि नंतर मी आणि पोरांनी महिनाभर कण्या खाल्ल्या. माझ्या नावानं पंगत घालायची नाही. वचन दे."

मी वचन दिलं. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि बाबांच्या कपाटातली सुधारकी पत्रकं वाचत वाढले होते. (बाराखडी पुरी व्हायच्या आधी मला 'धिक्कार' लिहिता येत होतं.) अशा मुलीकडून वचन घेणं म्हणजे काय, हे जीजीला कळत होतं. काकांना कळत नव्हतं.

"नुक्ता नाही करायचा?" काका कडाडले. नुक्ता म्हणजे माळव्यातलं तेराव्याचं गावजेवण. "आपले पूर्वज संस्थानच्या फौजेत होते! इथली राजधानी भोपाळला गेली, आता इज्जतही जाऊ दे!"

"जाऊ दे!" मी म्हणाले. "जीजीचा शब्द जाणार नाही."

बाबा चष्मा पुसत राहिले. त्यांची सुधारणा कपाटाबाहेर सहसा येत नसे.

मी मल्हारगंजच्या छापखान्यात गेले आणि पत्रक छापलं : 'मृतांच्या नावाने चालणाऱ्या भोजनशाहीचा धिक्कार! जीजींच्या दारात एकही पान मांडले जाणार नाही. तेराव्या दिवशी केवळ स्मरणसभा. सर्वांनी घरून जेवून यावे!' इथे थांबले असते तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण चळवळीला विधायक बाजू हवी! म्हणून खाली आणखी एक ओळ घातली : 'जीजींची भांडी ज्यांच्याकडे असतील त्यांनी सभेत आणून द्यावीत. ती मुलींच्या वसतिगृहाला दिली जातील.'

तेराव्या दिवशी सगळ्यात आधी शेजारची गेंदाबाई आली. डोक्यावर झाकलेलं पितळी पातेलं.

"लो बेटा, जीजी का बर्तन."

मी झाकण उचललं. आत काठोकाठ दाल! मागून तिची सून बाफल्यांची, म्हणजे कणकेच्या उकडून भाजलेल्या गोळ्यांची, टोपली घेऊन उभी.

"गेंदाबाई, पत्रक वाचलं नाही का?"

"पढ़वाया ना! बर्तन लाने का लिखा था, तो ले आई."

"अहो, पण रिकामं आणायचं!"

गेंदाबाईनं दोन्ही कानांना हात लावले. "जीजी का बर्तन, और खाली लौटाऊँ? मेरी माँ ने ये नी सिखाया!"

माझ्या पायाखालची फरशी सरकली. भांडं रिकामं परत करायचं नाही, हे मराठी घरात काय आणि माळवी घरात काय, पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. फक्त पत्रक लिहिणारीच्या ध्यानात आलं नव्हतं.

मग रांगच लागली. कढी आली, शिरा आला, भरली वांगी आली. सांवेरहून बसच्या टपावर बसून खिरीचा हंडा आला! महूहून एक सुभेदारीणबाई डबाभर पुरणपोळ्या घेऊन आल्या. (काकांच्या पंगतीत जात विचारून त्यांना कुठं बसवलं असतं, हे काकांनाच विचारा.)

मी स्टुलावर चढले. "बंधूंनो आणि भगिनींनो! ही पंगत नाही!"

"हाँ, नी है," कोणीतरी ओरडलं, "पत्तल कहाँ है?"

पत्रावळी नव्हत्याच, कारण मीच बंदी घातली होती. पण कोपऱ्यात माझ्या उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा होता. बघता बघता प्रत्येकाच्या पुढ्यात भोजनशाहीचा धिक्कार मांडला गेला आणि त्यावर बाफले पडले! दाल झाकणांतून प्यायली गेली. काकांनी पुरणपोळीचा घास घेतला आणि डोळे मिटले. "वा! कुणाची ही? आणखी एक वाढ."

"सुभेदारीणबाईंची," मी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले.

काकांनी पुढ्यातल्या पोळीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मग दोन वाढ."

मला मात्र रडू फुटलं. "गेंदाबाई, मी वचन मोडलं हो! तिच्या नावानं पंगत झाली!"

"अरे पगली," तिनं माझ्या हातात डाव दिला, "जीजी के नाम का कोई नी खा रिया. सब अपना-अपना लौटा रिये हैं. चल, कढ़ी परोस!"

मी कढी वाढली. वाढताना प्रत्येक जण सांगत होता, हे भांडं कधी आलं, तेव्हा घरात काय चाललं होतं, आत काय होतं. स्मरणसभा झाली, फक्त प्रत्येक वक्त्याचं तोंड भरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सत्तावीस भांडी घासून मी टांग्यातून वसतिगृहाकडे निघाले. चकचकीत, रिकामी, रूढीमुक्त भांडी! अर्ध्या वाटेत मी टांगा थांबवला. किराणा दुकानातून साखरेचा पुडा घेतला आणि भर रस्त्यात एकेका भांड्यात चिमूट चिमूट टाकत सुटले.

वसतिगृहाच्या अधीक्षिकाबाईंनी पातेल्यात डोकावून पाहिलं. "अगं, मुंग्या लागतील ना!"

"लागू द्या," मी ताठ मानेनं म्हणाले. "तत्त्वाचा प्रश्न आहे!"