ताक घुसळणारी अमेरिकन म्हातारी

ज्या माणसानं अमेरिकेतलं एकही संगीत नाटक पाहिलेलं नाही, त्याच्याकडून त्या नाटकांचा इतिहास ऐकण्याची शिक्षा तुम्ही कधी भोगली आहे का? मी भोगली आहे. मिलमध्ये माझ्या वडिलांच्या शेजारच्या साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारे आमचे काका हे या विषयातले सबंध सोलापुरातले एकमेव तज्ज्ञ. दुसरा उमेदवारच नसल्यामुळे या पदाला कधी धोका नव्हता.

मिलच्या एका साहेबानं बदली होताना सात रेकॉर्डी टाकून दिल्या, त्या काकांनी उचलून आणल्या. घरात रेकॉर्ड प्लेअर नव्हता आणि घ्यायची इच्छाही दिसत नव्हती. वेष्टनांवरचा मजकूर ते शब्दकोश मांडीवर घेऊन वाचत आणि गाणी स्वतःच्या चालीवर म्हणत. सातही नाटकांना एकच भारुडाची चाल होती. दुष्काळात गावाला अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी खाऊन ढेकर येत होते, तेव्हाही हे गृहस्थ तिथली नाटकं वाढत होते. एका नाटकात दोन गल्ल्यांतली पोरं नाचता नाचता चाकू काढतात, दुसऱ्यात केस वाढवलेली पोरं लढाईवर जायला नकार देतात. मी तेव्हा डाव्या चळवळीत होतो, म्हणून हे दुसरं तत्त्व म्हणून मंजूर केलं. बाकी सगळ्यांवर मी साम्राज्यशाहीवरची अख्खी पत्रकं तोंडपाठ ऐकवत असे. काका शांतपणे पुढचं नाटक सुरू करत. माझ्या एकाही मुद्द्याला उत्तर मिळेना, तेव्हा मी त्यांना प्रतिगामी ठरवून मोकळा झालो.

त्या वर्षी मिलनं एक पाळी बंद करायची ठरवली. शंभर घरांची चूल विझणार होती. कामगारांनी एकत्र यावं म्हणून मी नाटक लिहिलं. पहिल्या प्रवेशातच अकरा घोषणा होत्या. गेटवर प्रयोग केला आणि तिसऱ्या घोषणेला लोक चहाला गेले.

काका म्हणाले, "तिकडं एका नाटकाचा पडदा उघडला, तर नाचणाऱ्या पोरी न्हाईत, काय न्हाय. एक म्हातारी ताक घुसळत बसल्याली, आन् आतनं एकट्या गड्याचं गाणं. लोक गप झाले की. तितनं पुढं गाणं गोष्टीच्या कामाला लागलं. तू आदी एक बाई बसीव."

अमेरिकन ताक मला पचणारं नव्हतं. पण मोकळं मैदान त्याहून कमी पचत होतं. पुढच्या खेपेला कुंभारी गावातल्या वस्तीतली एक बाई गेटसमोर रहाटावर सुताच्या कांड्या भरत बसली आणि हलक्या आवाजात ओव्या म्हणू लागली. पाळी सुटलेले लोक थबकले, डबे खाली ठेवून बसले. शेवटी घोषणा द्यायला मला तोंडही उघडावं लागलं नाही.

पुढच्या रांगेत काका ताल धरून बसले होते. ओवी थांबली तरी त्यांचा ताल चालूच होता. नजर त्या बाईच्या अजून फिरणाऱ्या रहाटावर.

काकांचं हे असं कसं, म्हणून घरी मी वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "साच्यांच्या आवाजात कान कवाच गेलं त्याचं. तुला म्हाईत न्हवतं व्हय?"

ती पाळी वाचली. काका आता वळसंगला मुलीकडे असतात. जाताना रेकॉर्डी माझ्याकडे ठेवून गेले. म्हणून एक विनंती. तुमच्या घरी चालू रेकॉर्ड प्लेअर असेल, तर मला बोलवा. सातही रेकॉर्डी घेऊन येतो. आधी म्हातारीची लावू. गाणी कशी वाटली ते काकांना एका कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून कळवा. फक्त त्यांची चाल चुकली होती, हे लिहू नका.