मालतीने उघडलेलं छप्पर

मालती गेल्याचा ट्रंककॉल आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. तिला उपचारासाठी मुंबईला नेलेल्या तिच्या मुलाने दोनच वाक्यं सांगितली आणि लाइन तुटली... त्याला आता महिना होऊन गेला. शोकसभेत जो उठला त्याने तिला मनमिळाऊ म्हटलं. मालती मनमिळाऊ नव्हती. ती भांडायची, आणि ज्यांच्याशी भांडली तेच त्या दिवशी पुढच्या खुर्च्यांवर मान खाली घालून बसले होते. म्हणून हे लिहिते आहे.

पावसाळ्यातही पोहता यावं म्हणून एका देणगीदाराने आमच्या रत्नागिरीत छपराखालचा तलाव बांधून दिला, त्याला सात-आठ वर्षं होतील. मालती शाळेत शिक्षिका, माहेरची जवळच्या पावस गावची, विहिरीत उड्या मारून वाढलेली. लग्नानंतर पोहणं सुटलं होतं. तिने तलावाच्या मंडळाकडून सकाळी तासभर बायकांची वेळ मिळवली आणि आम्हा शेजारणींना पाण्यात ढकललं. मला तर अक्षरशः. मंडळाची अट एकच, बायका पोहताना रस्त्याकडच्या खिडक्या बंद हव्यात. चिटणीस होते नाना. माणूस वाईट नव्हे, पण लोक काय म्हणतील या काळजीने त्यांना झोप लागत नसे. सकाळी लावलेल्या खिडक्या मग दिवसभर कोणी उघडत नसे.

वाफ आत कोंडायची. क्लोरीनने डोळे चुरचुरायचे, खोकला सुटायचा. पत्र्याला आतून पाणी सुटून थेंब गळायचे, तेही गंजाचे, तांबूस. छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैच्यांचे पोपडे निघायला लागले तेव्हा मंडळाला जाग आली. इमारत वाचवायची तर खिडक्या उघड्या हव्यात, आणि खिडक्या उघड्या तर बायका नकोत, असा त्यांनी हिशेब मांडला. मला आजही हे आठवलं की संताप येतो.

मालती मला घेऊन थेट बैठकीत गेली. नाना म्हणाले, रस्त्यावरून दिसतं. "मग रस्त्यावरच्यांनी बघू नये," ती म्हणाली. पण नुसती भांडून थांबणारी ती नव्हती. पावसाआधी आपण पडवीला माडाच्या विणलेल्या झावळ्यांचे झाप बांधतो. झड अडते, आतलं दिसत नाही, वारा मात्र खेळतो. तेच खिडक्यांना बाहेरून बांधायचं तिने ठरवलं. आम्ही झाप विणले, बांधले. नाना बघायला आले.

"हा तलाव आहे की गोठा?"

"गोठ्यात गुरं गुदमरत नाहीत, नाना."

खरं सांगायचं तर झापांनी अर्धंच काम झालं. डोळे निवले, खोकला थांबला, पण वरचं गळणं काही थांबेना. वाफ चढून पत्र्याखाली अडकत होती, तिला वरून वाट हवी होती. छपराच्या माथ्याला, आढ्यावरचे पत्रे थोडे उचलून फट ठेवा, पाऊस आत येऊ नये म्हणून वर टोपी बसवा, असं मालतीने मागितलं. मंडळाने झाप फसल्याचं जाहीर केलं आणि महिनाअखेरीपासून बायकांची वेळ बंद, अशी पाटी लावली.

त्या शेवटच्या सकाळी तास संपल्याची शिट्टी झाली. मी पायऱ्यांकडे वळले तर मालतीने माझा हात धरला. "थांब गो. कोणी बाहेर पडायचं नाय."

बाहेर पुरुषांची रांग, खांद्यावर टॉवेल. नाना तरातरा दारापर्यंत आले आणि तिथेच अडले. बायका पाण्यात असताना पुरुषाने आत पाऊल टाकायचं नाही, हा नियम त्यांचाच! दाराआडून त्यांनी आधी विनवलं, मग दरडावलं, मग मालतीच्या यजमानांना बोलावतो म्हणाले. "बोलवा. तेही बाहेरच उभे राहतील," मालती म्हणाली. आमची बोटं सुरकुतली, दात वाजायला लागले, पण एकही जण निघाली नाही. शेवटी कचेरीला उशीर होतोय म्हणून रांगेतले पुरुषच नानांवर तडकले. आढं उघडू, वेळही राहील, असं नानांनी दाराआडून कबूल केलं. मालतीने ते त्यांच्याकडून पुन्हा, मोठ्याने, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं वदवून घेतलं. मगच आम्ही बाहेर आलो.

आढं उघडलं, कैच्या घासून रंगवल्या, गळणं थांबलं. भर पावसात अजूनही आत दमट वाटतं, पण तेवढं कोकणात चालायचंच. बायकांची वेळ मात्र एक दिवसही बंद पडली नाही. मालती असेपर्यंत.

मागच्या आठवड्यात मंडळाचा निरोप आला. मालतीबाईंकडे तलावाची एक चावी असायची, ती परत करावी, बायकांच्या वेळेचं पुढे बघू. या 'पुढे बघू'चा अर्थ मला चांगला कळतो. चावी मालतीची सून विद्या हिच्याकडे आहे. सासू हयात असताना ती कधी तलावाकडे फिरकली नव्हती. आता रोज सकाळी येऊन आम्हाला दार उघडून देते, आणि परवापासून काठाला घट्ट धरून पाय मारायला लागली आहे. मी मंडळाला कळवलं आहे की विद्या पोहायला शिकली की चावीचं बघू, आणि मी तिला अगदी सावकाश शिकवणार आहे.